बिनआकडी तिकीट

खरात मॅडमची खुर्ची आणि माझी खुर्ची यांच्यात अकरा वर्षं एक हाताचं अंतर होतं. मुकुंदवाडी स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं पोस्ट. तसं लहानच. तीन खिडक्या, मागं टपाल छाटायचं लांब टेबल, आणि एक नळ. पहिल्या खिडकीवर मॅडम, दुसरीवर मी, आणि तिसरी बहुतेक वेळा बंद.

मी नवीन लागले तेव्हा मला वाटलं, ही बाई फार हळू काम करते. माझ्याकडं दहा माणसं होऊन जायची तोवर त्यांच्याकडं सहा. महिनाभरानं लक्षात आलं की माझ्या दहांतली दोघं-तिघं परत येतात. कुणाचा पिनकोड चुकलेला, कुणाचा तालुका. मॅडमच्या खिडकीवरून गेलेलं माणूस परत आलेलं मी कधी पाहिलं नाही.

पाकीट हातात आलं की त्या पत्ता मोठ्यानं वाचायच्या. मग चष्म्यावरून समोरच्याकडं बघून विचारायच्या, "हे पिंपळगाव कोणतं? ह्या जिल्ह्यात पिंपळगावं लई हायेत." समोरचा वैतागायचा. म्हणायचा, पोस्टमनला माहीत असतं. मॅडम शांतपणे म्हणायच्या, "पोस्टमनला त्याचं पिंपळगाव माहीत असतं. तुमचं तुम्ही सांगा." आणि सांगेपर्यंत पाकीट पुढं सरकत नसे.

तिकीट चिकटवायला त्यांच्याकडं वाटीत ओला स्पंज असायचा. कुणी जिभेनं तिकीट ओलं करायला लागलं की त्यांचा हात खिडकीच्या फटीतून बाहेर यायचा. "ओ भाऊ, थुंकी लावू नका. ते लई लांब जाणारंय." मग ते तिकीट घेऊन त्या स्वतः लावायच्या, पाकिटाच्या कडेला समांतर, अगदी सरळ, आणि वरून उजवा तळवा दाबायच्या. पाकीट मागच्या टोपलीत टाकताना हळूच म्हणायच्या, "जा." रोज, प्रत्येक पाकिटाला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझ्याशी बोलल्या.

ठेंगणी बांधेसूद बाई. सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, डब्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा. कन्नडकडच्या एका खेड्यातून आलेल्या, बौद्ध कुटुंबातल्या, पोस्टाची परीक्षा देऊन लागलेल्या. नवरा लवकर गेला होता. एक मुलगा, सिद्धार्थ, इंजिनिअर झाला होता. एवढं मला पहिल्याच आठवड्यात समजलं. बाकीचं समजायला वर्षं लागली, कारण स्वतःबद्दल त्या विचारल्याशिवाय बोलायच्या नाहीत, आणि विचारलं तरी बऱ्याचदा नाही.

त्यांच्या खणात एक प्लॅस्टिकची डबी होती. झाकणावर पेननं लिहिलेलं : 'ही तिकिटं पोस्टाची नाहीत. माझी आहेत. सु. खरात.' आत रुपया, दोन रुपयांची छोटी तिकिटं. पगार झाला की त्या रांगेतल्या माणसासारख्या माझ्या खिडकीसमोर येऊन ती विकत घ्यायच्या, पावतीसकट. पेटीतून निघालेल्या टपालात कमी तिकीट लावलेलं एखादं पाकीट सापडलं की डबी उघडायची. फरकाचं तिकीट लागायचं, वरून तळवा दाबला जायचा, "जा."

आमचे पोस्टमास्तर देवरे साहेब नियमाचे होते. एकदा त्यांनी हे पाहिलं.

"मॅडम, कमी तिकिटाच्या पत्राचं काय करायचं ते आपल्याला माहीत आहे. शिक्का मारायचा. घेणाऱ्याकडून दुप्पट वसूल करायचे."

"व्हय साहेब, माहिती हाय."

"मग?"

"पण हे आता कमी तिकिटाचं राहिलंच नाय ना."

साहेबांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं. तिकिटं पूर्ण होती. ते आत गेले. मॅडम पुढच्या माणसाकडं वळल्या आणि म्हणाल्या, "हे वडगाव कोणतं?"

त्या काळात हेलन नावाची एक अमेरिकन बाई दर हिवाळ्यात शहरात यायची. लेण्यांमधल्या चित्रांवर तिचं काही संशोधन चाललं होतं. आमच्या पोस्टामागच्या गल्लीत एक खोली भाड्यानं घेऊन राहायची आणि आठवड्यातून एकदा पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन मॅडमच्याच खिडकीवर यायची. हेलनबाईचं मराठी आणि मॅडमचं इंग्रजी अर्ध्या वाटेत भेटायचं. पण भेटायचं.

एके दिवशी सुटे पैसे शोधताना तिनं पर्स काउंटरवर उपडी केली. किल्ल्या, पेन, गोळ्यांची पाकिटं, आणि त्यात एक तिकीट. त्यावर एका घंटेचं चित्र. मॅडमनी ते उचललं. तिकीट दिसलं की त्यांचे डोळे आधी आकड्याकडं जायचे, ही सवयच. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, कोपऱ्यात पाहिलं.

"ह्याच्यावर आकडा कुठाय?"

"नाही आकडा," हेलन म्हणाली.

"छापायचा राहिला?"

"नाही, नाही. हे फॉरएव्हर आहे. कायमचं." तिनं बोट ठेवून तो शब्द दाखवला.

मग तिनं जमेल तसं समजावलं. साध्या पत्राला आज जो दर आहे तो देऊन हे तिकीट घ्यायचं. पुढं दर वाढला तरी हे एकच तिकीट साध्या पत्राला चालतं. शेजारी आणखी काही चिकटवावं लागत नाही. तिकीट किती पैशांचं हे त्यावर लिहिलेलंच नाही. ते एका पत्राचं आहे, एवढंच.

माझ्या खिडकीवर गर्दी होती, पण मी कान तिकडं लावून बसले होते. मॅडम उलटतपासणी घेतल्यासारख्या विचारत होत्या.

"दहा वर्षांनी चालंल?"

"हो."

"मी मेल्यावर?"

हेलन हसली. "हो. तुमचा मुलगा लावेल."

"आन् लोकांनी पोत्यानं घेऊन ठेवली तर? खात्याचं नुकसान नाय?"

"खात्याला पैसे आधीच मिळतात."

मग अगदी हळू आवाजात मॅडमनी शेवटचा प्रश्न विचारला. "म्हणजे ज्यानं आज घेतलंय, त्याच्या पत्राला उद्या कुणी म्हणणार नाय का, हे कमी पडलं म्हणून?"

"नाही. कधीच नाही."

त्यानंतर मॅडमनी जे केलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. भर गर्दीत त्यांनी खिडकीवर 'बंद'ची पाटी लावली आणि उठून मागं गेल्या. मी वाकून पाहिलं. नळाशेजारच्या स्टुलावर त्या बसल्या होत्या, हात मांडीवर, समोर भिंत. पाच मिनिटांनी तोंड धुऊन परत आल्या. बसता बसता मला म्हणाल्या,

"मीना, त्यांनी आकडा नाय छापला. शब्द छापलाय."

हेलन ते तिकीट त्यांना देऊन टाकत होती. मॅडमनी फुकट घेतलं नाही. डबीतली आपली तिकिटं काढून तिच्या पोस्टकार्डांवर लावली, मगच घंटेचं तिकीट ठेवून घेतलं. पुढच्या हिवाळ्यात हेलन त्यांच्यासाठी तशा वीस तिकिटांचा अख्खा कागद घेऊन आली. त्याचीही फेड मॅडमनी हिवाळाभर तिची टपालाची तिकिटं स्वतः भरून केली, आणि जाताना शेंगदाण्याच्या चटणीची बरणी दिली. कागद घरी कपाटात गेला. त्या तिकिटं जमवणाऱ्यांपैकी नव्हत्या. "तिकीट चिकटवायसाठी असतं," म्हणायच्या. पण ही वीस त्यांनी जपली.

आणि लिहायला बसल्या. आपल्या खात्यानंही असं बिनआकडी तिकीट काढावं, अशी सूचना. आधी मराठीत, मग इंग्रजीत. इंग्रजी मी तपासून दिलं. दोन पानांचं पत्र होतं, त्यात एकही भावनेचं वाक्य नव्हतं. अर्जासोबत स्वतःच्या पत्त्याचं तिकीट लावलेलं पाकीट जोडायला सांगतात, आणि उत्तर येईपर्यंत दर बदललेला असतो, मग ते उत्तर अडकतं, हा मुद्दा त्यांनी पहिला घेतला होता. तो इतका नेमका होता की मी विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला कसं सुचलं?" त्या म्हणाल्या, "सुचायचं काय त्यात? असंच असतं."

तीन महिन्यांनी उत्तर आलं. आपली सूचना विचारार्थ पुढं पाठवली आहे. मला वाटलं, त्या खट्टू होतील. त्यांनी ते पत्र घडी घालून फायलीत ठेवलं. "पोचलं तर खरं," म्हणाल्या. पुढच्या वर्षी पुन्हा लिहिलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. देवरे साहेब अधूनमधून चेष्टा करायचे, "काय मॅडम, तुमचं बिनआकडी तिकीट कुठवर आलं?"

"निघालंय साहेब. वाटंत हाय."

अशी सात पत्रं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

आता त्या जूनमधल्या दिवसाबद्दल सांगते. सकाळी अकराला शेख भाई माझ्या खिडकीवर आले. ग्रामीण भागातल्या मुलींसाठी शहरात एक वसतिगृह होतं, तिथले ते शिपाई. खांद्यावर मोठी पिशवी, आत दीडशेच्या वर पाकिटं. वसतिगृहात प्रवेश मिळाल्याची ती पत्रं होती. प्रत्येक पाकिटावर त्या त्या मुलीनं स्वतःच्या अक्षरात स्वतःचा पत्ता लिहिलेला, आणि अर्ज करतानाच स्पीड पोस्टाची तिकिटं लावून दिलेली. मी पहिलं पाकीट वजनाला ठेवलं आणि सांगितलं, "भाई, कमी आहेत. मध्यंतरी दर वाढला."

"सगळ्यांनाच?"

"सगळ्यांनाच."

त्यांनी ऑफिसला फोन लावला. तिकडून काय ठरलं ते ऐकून घेतलं आणि पिशवी उचलायला लागले. "परत बोलावलंय. यादी बोर्डावर लावणार म्हणतात."

मॅडमची मान वळली. त्या खिडकी सोडून माझ्या मागं आल्या आणि वरची चार-पाच पाकिटं चाळली. सोयगाव. वैजापूर. कन्नड. एक पत्र खिडकीतून उजेडाला धरलं. "हजर व्हायची तारीख काय हाय, भाई?"

"आठ दिवस हायेत मॅडम."

"आन् सोयगावची पोरगी बोर्ड बघायला इथं येणार?"

"मी शिपाई माणूस. मला सांगितलं ते मी सांगतो."

"तुम्हाला नाय म्हणत. पिशवी इथंच ठेवा. संध्याकाळी येऊन पावत्या न्या."

एवढी छोटी तिकिटं आमच्याकडं नव्हती. मॅडमच्या डबीत तर पंधरा-वीसच. दुसऱ्या पोस्टांतून आणावी लागणार होती. मॅडमनी कागद घेतला, अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला आणि साहेबांपुढं ठेवला. मला काय झालं कोण जाणे, मीही लिहिला. साहेबांनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले.

"आणि खिडक्यांवर कोण बसणार?"

"तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

ते खरंच बसले.

आम्ही रिक्षानं गुलमंडीकडं निघालो. तिथल्या पोस्टातून मिळतील तेवढी मॅडमच्या पैशांनी घ्यायची, उरलेली मोठ्या पोस्टातून. लग्नसराईचा शेवट होता, कापडाच्या दुकानांसमोर गाड्या अडकलेल्या, रिक्षा जागची हलेना. मॅडम पर्स मांडीवर धरून समोर बघत होत्या. मी सहज म्हटलं, "मॅडम, एवढं कशासाठी हो? तुमच्या ओळखीची पण नाही त्यांतली कुणी."

त्या रस्त्याकडं बघतच बोलायला लागल्या.

"आक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आमच्या वस्तीतली मॅट्रिक झालेली पहिली पोरगी. तिनं नर्सिंगला अर्ज केला. अर्जासंगं आपल्या पत्त्याचं पाकीट द्यायचं होतं, तिकीट लावून. ते तिकीट मी लावलं. बारा वर्षांची होते. लई सरळ लावलं होतं."

रिक्षा हातभर पुढं सरकली आणि पुन्हा थांबली.

"मधी दर वाढला. आम्हाला काय माहीत? पत्र आलं ते बैरंग. दुप्पट पैसे द्या आन् घ्या. बा कारखान्याच्या कामावर, मी शाळंत, आक्का निंदायला गेलेली. घरात माय एकटी. तिला वाटलं, सरकारी वसुली आली. म्हणाली, आम्ही कुणाचं काय घेतलं नाय, मग कशाचे देऊ? दळणाचे पैसे व्हते घरात, पण ती भ्याली. पोस्टमन वाईट नव्हता. त्यानं दोनदा विचारलं. मग घेऊन गेला."

"मग?"

"आक्काला सांजच्याला कळलं. सकाळी उठून कन्नडपतोर चालत गेली. टपालाची थैली गेली व्हती, पत्र त्यातच माघारी. नंतर समजलं, मुलाखतीचं बोलावणं व्हतं. तारीख निघून गेली. पुढच्या वर्षी लगीन लावून दिलं तिचं."

मी त्यांच्याकडं वळून बसले.

"आक्का मायला एका शब्दानं बोलली नाय. कधीच. पण माय त्यानंतर मरेपर्यंत, दारात आलेल्या कोणत्या पोस्टमनला पाणी पाजल्याबिगर जाऊ देत नव्हती."

रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं होतं. तोही ऐकत असावा. मागं न बघता तो म्हणाला, "मॅडम, यहाँ से पैदल जाव. जल्दी पहुँचते." आम्ही उतरलो. त्यानं भाडं घेतलं नाही. "उधर मोड पे खडा रहता मैं," म्हणाला, आणि खरोखर थांबला. पुढं मोठ्या पोस्टात आणि तिथून परत, त्यानंच आणलं.

अडीचला आम्ही आमच्या पोस्टात पोचलो. थैली साडेचारला बंद व्हायची. मागच्या लांब टेबलावर पाकिटं पसरली. बटवडा करून आलेले दोन्ही पोस्टमन न सांगता बसले. शेख भाई वेळेआधीच येऊन बसले. एक म्हातारी बाई मनीऑर्डर करायला आली होती, तिनं काय चाललंय ते विचारलं आणि पदर खोचून स्पंजाची वाटी स्वतःपुढं ओढली. मी एकेक पाकीट बारकोड लावून नोंदवत होते. माझ्या बोटांना कळ लागली होती, आणि पलीकडून मॅडमचा आवाज येत होता, "वाकडं लावू नका."

चारच्या सुमाराला देवरे साहेब खिडकी बंद करून आले. त्यांनी एक खुर्ची ओढली आणि तिकीट लावलं. मॅडमनी ते पाहिलं, हलकेच उचकटलं आणि सरळ करून पुन्हा लावलं. दुसरं साहेबांनी सरळ लावलं. उठताना खिशातून नोट काढून मॅडमच्या रिकाम्या डबीत ठेवली आणि म्हणाले, "फरक."

शेवटचं पाकीट कन्नड तालुक्यातलं होतं की नाही, मला माहीत नाही. मॅडमनी मुद्दाम ते शोधलं नाही, एवढं मात्र मी पाहिलं. त्यांच्या हातात जे येईल त्याच्यावर तळवा दाबला जात होता आणि तोच एक शब्द येत होता. थैली बांधली, लाल गाडी आली, गेली. मॅडम दारात उभ्या राहिल्या ते गाडी वळणाआड होईपर्यंत.

त्या मुलींपैकी कुणालाच हे कळलं नाही. कळण्यासारखं काही नव्हतंच. ठरलेल्या वेळी दारात पत्र आलं, एवढंच त्यांच्या बाजूनं घडलं. किती जणी राहिल्या, किती शिकल्या, कुठं गेल्या, मॅडमनी कधी चौकशी केली नाही. मी एकदा म्हटलं, वसतिगृहात जाऊन येऊ या का? त्या म्हणाल्या, "कशाला? आपलं काम पोचवायचं."

मी पोस्टात लागले तेव्हा ही नोकरी पगारासाठी होती. त्या दिवसानंतरही पगारासाठीच होती, खोटं कशाला सांगू. पण पाकीट हातात घेतलं की ते आता जड लागायला लागलं.

निवृत्त झाल्यावर दोन-तीन वर्षांनी सिद्धार्थनं त्यांना अमेरिकेला नेलं. तो तिकडं नोकरीला होता, सून तिकडचीच मराठी मुलगी. जायच्या आदल्या दिवशी मी घरी भेटायला गेले तेव्हा बॅग भरणं चाललं होतं. ठेचा, लोणचं, औषधं, आणि वहीच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलेला तो घंटेचा कागद. मी म्हटलं, "मॅडम, इतकी वर्षं झाली. चालतील का?"

"तेच बघायला चालले," त्या म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी सकाळी पोस्टात जायच्या गडबडीत असताना फोन आला. तिकडं संध्याकाळ होती.

"मीना, गेले व्हते पोस्टात."

"कुणाबरोबर?"

"एकटी. चालत. सिद्धार्थ म्हणत व्हता कारनं सोडतो. म्हटलं, नको."

त्यांनी हेलनला पत्र लिहिलं होतं. पाकिटावर घंटेचं एकच तिकीट लावलं होतं. आपल्या पद्धतीनं, सरळ. रांगेत उभ्या राहिल्या. खिडकीवर त्यांच्याच वयाचा एक माणूस होता. पाकीट त्याच्यापुढं ठेवून त्यांनी घरून पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं : हे तिकीट फार जुनं आहे, पुरेल का?

"मग काय म्हणाला?"

"काय नाय म्हणाला. घेतलं, मागच्या टोपलीत टाकलं, आन् पुढच्याला बोलावलं. मीना, त्यानं वर पण नाय बघितलं."

मला वाटलं, अपमान झाल्यासारखं वाटलं असेल. मी समजूत घालायला लागले, तिकडचे लोक कामात असतात, मनावर घेऊ नका. तर त्या एकदम म्हणाल्या,

"अगं, तसं नाय! तू समजून घे. किती वेळा दर वाढला असंल तिकडं. एका बाईनं कधीतरी घेतलेलं तिकीट. ते दुसऱ्या देशात, माझ्या कपाटात, इतकी वर्षं. आन् त्याला ते तपासावंसं पण वाटलं नाय. त्याला म्हाईतच व्हतं की ते पुरतंय. दिलेला शब्द इतका पाळलाय की पाळतोय हे पण विसरून गेलेत."

मी डबा हातात घेऊन तशीच दारात उभी होते.

नंतर सिद्धार्थनं सांगितलं की आई त्या पोस्टाबाहेर दीड तास बाकावर बसून होती, टपालाची गाडी येऊन जाईपर्यंत. तो घाबरून शोधत आला होता. पत्र हेलनला चौथ्या दिवशी मिळालं. ती आता भाचीकडं राहत होती, हात थरथरायचे, लिहिता येत नव्हतं. तिनं फोन केला. पाकीट हातात आल्यावर पाठवणाऱ्याचं नाव वाचण्याआधी तिनं तिकीट ओळखलं होतं. दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही. मॅडम एवढंच म्हणाल्या, "तिचं मराठी पार गेलं गं. पण चटणी म्हणाली."

उरलेली तिकिटं त्यांनी परत आणली नाहीत. सुनेला देऊन आल्या. "जपू नको, वापर," असं बजावून.

परत आल्यावर त्या मुकुंदवाडीतलं घर बंद करून गावाकडंच जास्त राहायला लागल्या. मधल्या काळात शहराचं नाव बदललं, पोस्टातलेही बरेच नियम बदलले, साधं रजिस्टर पोस्ट बंद होऊन सगळं स्पीड पोस्टात गेलं. मी फोनवर सांगायचे, त्या लक्ष देऊन ऐकायच्या आणि नेमका प्रश्न विचारायच्या. मग फोनही कमी झाले. ऐकू कमी येत होतं.

मागच्या दिवाळीनंतर मी मावशीला बसमध्ये बसवून द्यायला मध्यवर्ती स्टँडवर गेले होते. माझी रजा होती त्या दिवशी. मावशीची गाडी सुटली आणि मी वळले, तर कन्नडच्या फलाटावर एक एसटी निघायच्या बेतात थरथरत उभी होती. खिडकीत मॅडम. फार बारीक झाल्या होत्या. अंबाडा तेवढा तसाच घट्ट. मी धावत गेले, खिडकीच्या गजाला हात लावला. त्यांनी चष्मा सारखा करून मला ओळखलं आणि माझ्या हातावर आपला तळवा ठेवला. डोळे तपासायला आल्या होत्या, सकाळच्या गाडीनं येऊन आता चालल्या होत्या. कळवलं का नाही, असं मी ओरडून विचारलं. त्यांना ऐकू आलं नाही. कंडक्टरनं बेल मारली. गाडी हलली तशी त्या बाहेर वाकून म्हणाल्या,

"मीना, आजची थैली गेली का?"

मला काहीच माहीत नव्हतं. मी मान जोरानं हलवली. गेली, मॅडम, गेली. त्यांचं समाधान झालं. त्या आत सरकून बसल्या, आणि गाडी फाटकातून बाहेर पडली.

त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत. फाल्गुनात गावाकडंच वारल्या.

त्या दिवशी, मॅडमची गाडी गेल्यावर, मी स्टँडवरून घरी गेले नाही. रिक्षा केली आणि मुकुंदवाडीला आले. साडेचार व्हायला दहा मिनिटं होती. माझ्या जागी बसलेल्या नव्या मुलीनं चकित होऊन विचारलं, "ताई, तुमची तर रजा आहे ना?" मी हो म्हटलं, मागं गेले, आणि थैलीचं तोंड बांधून तिला सील लागेपर्यंत तिथंच उभी राहिले.